आयईएलटीएस लिसनिंग: तीनही ऑप्शन बरोबर वाटतात तेव्हा काय करायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. एक नर्सताई ब्रिटनला जाण्यासाठी आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा देत आहेत. तिथल्या नर्सिंग अँड मिडवाइफरी कौन्सिलला लिसनिंगमध्ये, म्हणजे ऐकण्याच्या भागात, ७ बँड (गुणांची पातळी) लागतो आणि त्या ६.५ वर अडकल्या आहेत. शिक्षण मराठी माध्यमातून झालेलं. फॉर्म भरणं, गाळलेल्या जागा, नकाशा हे सगळं त्यांना जमतं. एमसीक्यू, म्हणजे दिलेल्या ऑप्शनमधून उत्तर निवडायचे प्रश्न, आले की मात्र तीनही ऑप्शनमधले शब्द कानावर पडतात, तीनही बरोबर वाटतात, आणि वाचू की ऐकू या ओढाताणीत पुढचा प्रश्नही हातचा जातो. अजिबात कळलं नाही तर अंदाजाने उत्तर द्यावं का, आणि त्यापेक्षा ओईटी ही आरोग्यसेवेतल्या लोकांसाठीची इंग्रजीची परीक्षाच द्यावी का, असंही त्यांनी विचारलं आहे.

ताई, तीनही ऑप्शन ऐकू येतात याचा अर्थ तुमचा कान व्यवस्थित काम करतोय. ते ऐकू यावेत अशाच बेताने ऑडिओ लिहिलेला असतो. गाळलेल्या जागेत जो शब्द कानावर पडतो तोच बहुतेकदा लिहायचा असतो, त्यामुळे शब्द टिपणारा कान तिथे पुरतो. एमसीक्यूमध्ये ए, बी, सी या तिघांचाही उल्लेख येतो, कधी थेट, कधी वेगळ्या शब्दांत. म्हणून 'यातला कोणता ऐकला?' असं मनाशी विचारत बसलात तर उत्तर 'तीनही' असंच येणार. विचारायचं ते वेगळंच: बोलणाऱ्याने या ऑप्शनचं पुढे काय केलं? मान्य केला, मोडीत काढला, की नुसता बोलून सोडून दिला? पुढे जे काही सांगणार आहे ते सगळं याच एका सवयीसाठी आहे.

परीक्षेचा आकार तुम्हाला माहीत आहे, तरी हिशोबासाठी सांगतो. चार पार्ट, चाळीस प्रश्न, साधारण ३० मिनिटांचा ऑडिओ, आणि तो एकदाच ऐकवतात. ७ बँडसाठी साधारण ३० उत्तरं बरोबर लागतात, ८ साठी साधारण ३५. एमसीक्यू बहुधा दुसऱ्या आणि तिसऱ्या पार्टमध्ये भेटतात. तुमचे बाकीचे प्रश्न बरोबर येत असतील तर ६.५ आणि ७ यांच्यामधलं अंतर याच दोन-चार प्रश्नांचं आहे. कॅनडात स्थायिक होण्याच्या एक्स्प्रेस एंट्री योजनेत सीएलबी ९ ही भाषेची पातळी गाठू पाहणाऱ्यांना तर लिसनिंगमध्ये ८ लागतो, म्हणजे चाळीसपैकी फार तर पाच चुका. एवढ्या कमी चुकांत एमसीक्यू कच्चे ठेवून भागत नाही.

आता एक उदाहरण घेऊ. संवाद मी रचलेला आहे, पण घाट तिसऱ्या पार्टचाच आहे. प्रश्न: विद्यार्थ्यांनी प्रोजेक्टचा विषय का बदलला? ऑप्शन ए: पुरेशी माहिती मिळत नव्हती. बी: प्राध्यापिकेला विषय पसंत नव्हता. सी: बाकीचे बरेच जण तोच विषय घेत होते. ऑडिओत असं येतं:

मुलगा: 'वी कुडन्ट फाइंड मच ऑन इट ॲट फर्स्ट, कुड वी?'
मुलगी: 'नो, बट द लायब्रेरियन सॉर्टेड दॅट आउट. आय वॉज मोअर वरीड दॅट डॉक्टर हिल वुड ऑब्जेक्ट.'
मुलगा: 'शी वॉज फाइन अबाउट इट, ॲक्चुअली. इट्स जस्ट दॅट हाफ द ग्रुप सीम्ड टू बी डूइंग समथिंग सिमिलर.'
मुलगी: 'एक्झॅक्टली. देअर वॉज नो पॉइंट.'

ए खोटा नाही. माहिती खरोखरच मिळत नव्हती, पण सुरुवातीला, आणि ग्रंथपालाने ती अडचण सोडवली. म्हणजे घडलं, पण विषय बदलण्याचं कारण ते नव्हतं. बी ही नुसती भीती होती. प्राध्यापिकेने हरकत घेतलीच नाही. सी मात्र ऑप्शनमधल्या शब्दांत कुठेच आला नाही. 'अदर स्टुडंट्स', 'सेम टॉपिक' असं कोणी म्हणालंच नाही. 'हाफ द ग्रुप' आणि 'समथिंग सिमिलर' एवढंच आलं, आणि लगेच दुसऱ्या व्यक्तीने 'एक्झॅक्टली' म्हणून शिक्का मारला. शब्द टिपणारा कान इथे ए वर थांबतो, कारण 'कुडन्ट फाइंड' सगळ्यात आधी आणि सगळ्यात स्पष्ट ऐकू येतं.

चुकीचा ऑप्शन ज्या रस्त्यांनी आत शिरतो ते रस्ते फार नाहीत. आधी म्हटलेलं नंतर मागे घेतलं जातं. किंवा गोष्ट खरी असते, पण दुसऱ्या माणसाबद्दल किंवा दुसऱ्या काळाबद्दल: गेल्या वर्षी असं होतं, यंदा नाही. किंवा नुसता विचार, भीती, बेत असतो, प्रत्यक्षात काही घडलेलं नसतं. आणि माझ्या मते सगळ्यात जास्त फसवणारा प्रकार म्हणजे ऑप्शन पूर्णपणे खरा असतो, पण विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर नसतो.

या शेवटच्या प्रकाराकडे जरा थांबून बघू, कारण चांगले विद्यार्थी इथेच गुण घालवतात. दुसऱ्या पार्टमध्ये एक बाई गावातल्या उत्सवाची माहिती देत आहेत. प्रश्न: या वर्षी नवीन काय आहे? ऑप्शन: आतषबाजी, होडीतून फेरफटका, स्थानिक हॉटेलांचे खाद्यपदार्थ. बाई म्हणतात, आतषबाजी 'विल ऑफ कोर्स बी बॅक'. होड्यांबद्दल म्हणतात, 'वी'ड होप्ड टू ऑफर बोट ट्रिप्स', पण नदीला पाणी फार आहे. मग सांगतात की गावातली हॉटेलं 'फॉर द फर्स्ट टाइम' आपले पदार्थ घेऊन येणार आहेत. आतषबाजी होणारच आहे, ती खरी आहे, पण 'बॅक' म्हणजे ती दरवर्षीची. प्रश्नातला 'नवीन' हा एक शब्द विसरलात की ए बरोबर वाटतो. म्हणून प्रश्नातला अट घालणारा शब्द आधी हुडकायचा: न्यू, मेन, फर्स्ट, नाऊ, मोस्ट, सरप्राइज्ड, ॲग्री. 'मेन रीझन' विचारलं असेल तर ऑडिओत दोन-तीन कारणं येणार हे गृहीत धरा, आणि वजन कुठल्या कारणावर पडतं ते ऐका. 'सरप्राइज्ड' विचारलं असेल तर आवडलं किंवा आवडलं नाही याच्याशी देणंघेणं नाही. अपेक्षेपेक्षा वेगळं काय निघालं तेवढंच शोधायचं.

आता कानाबद्दल. मराठी बोलणाऱ्यांना इथे एक खास अडचण येते आणि ती शिकवणीत फारशी कोणी सांगत नाही. मराठी वाक्यात नकार बहुतेक वेळा शेवटी येतो आणि ठसठशीत येतो: 'आम्हाला ती खोली मिळाली नाही.' आपला कान नकारासाठी वाक्याच्या टोकाशी थांबायला सरावलेला असतो. इंग्रजीत नकार क्रियापदाला चिकटून आधीच निघून जातो, आणि तोही दबक्या आवाजात: 'डिडन्ट', 'वोन्ट', 'कुडन्ट'. वाक्याच्या शेवटी जो शब्द ठळक ऐकू येतो तो नेमका ऑप्शनमधला शब्द असतो. 'वी डिडन्ट गेट द रूम' ऐकताना मनात 'रूम' उरते आणि 'डिडन्ट' पुसला जातो. शिवाय 'नॉट' शिवायचेही नकार आहेत: 'हार्डली', 'बेअरली', 'सेल्डम', 'फेल्ड टू', 'टू एक्स्पेन्सिव्ह टू बाय'. ब्रिटिश उच्चारात 'कॅन' बऱ्याचदा 'कन' असा आखूड होतो आणि 'कांट' लांब होतो, त्यामुळे तिथे फरक त्या स्वरात सापडतो, शेवटच्या 'ट'ची वाट बघू नका.

तसंच 'ऑल्दो'चं. मराठीत 'जरी' म्हटलं की पुढे 'तरी' येतो आणि मुख्य मुद्दा आता सुरू झाला हे ऐकणाऱ्याला कळतं. इंग्रजीत पहिला भाग 'ऑल्दो'ने सुरू होतो आणि दुसऱ्या भागाच्या तोंडाशी काहीच नसतं, फक्त क्षणभर श्वास. 'ऑल्दो' किंवा 'व्हाइल' ऐकलं की लगेच समजा: आत्ता जे येतंय ते मान्य करून बाजूला ठेवलं जाणार आहे, खरा मुद्दा श्वासानंतर.

आणखी एक गट क्रियापदांचा. 'वी वेअर गोइंग टू', 'इट वॉज सपोज्ड टू', 'वी'ड होप्ड', 'आय'ड असूम्ड', 'आय वुड हॅव लाइक्ड', 'ओरिजिनली', 'युज्ड टू'. यातलं काहीही कानावर पडलं की पुढची गोष्ट बहुधा घडलेली नाही किंवा आता तशी नाही. ही यादी पाठ करण्यापेक्षा ही रूपं तुमच्या स्वतःच्या बोलण्यात आणा. वॉर्डातल्या सहकाऱ्यांशी इंग्रजीत बोलताना 'आय वॉज गोइंग टू कॉल यू, बट' हे वाक्य दहादा तोंडातून गेलं की कान ते आपोआप पकडतो. 'रादर दॅन' आणि 'इन्स्टेड ऑफ' यांच्याकडे वेगळं लक्ष द्या. बाकीच्या ठिकाणी चुकीचा ऑप्शन सहसा आधी येतो आणि बरोबर नंतर; इथे उलटं होतं. 'वी टुक द बस रादर दॅन द ट्रेन' यात शेवटी ऐकू येते ती ट्रेन, आणि बाद झालेली आहे तीच.

वाचू की ऐकू याचं उत्तर असं की वाचन ऑडिओ सुरू होण्याआधीच संपलं पाहिजे. ऑडिओ चालू असताना पूर्ण ऑप्शन पहिल्यांदाच वाचायची वेळ आली तर तो प्रश्न जवळजवळ गेलाच. प्रत्येक गटाआधी वाचायला थोडा वेळ मिळतो. शिवाय प्रत्येक पार्टच्या शेवटी उत्तरं तपासायला अर्धा मिनिट देतात. तो तपासण्यात घालवू नका, पुढच्या पार्टचे प्रश्न वाचायला घ्या. कागदावरच्या परीक्षेत शेवटी उत्तरं उतरवायला १० मिनिटं मिळतात, तेव्हा तपासणी होईल. संगणकावर शेवटी २ मिनिटंच असतात, तरी माझा सल्ला तोच.

या वेळात वाचायचं कसं? आधी त्या गटातले सगळे प्रश्न, ऑप्शन नाहीत. प्रश्नांवरून बोलणं कुठून कुठे जाणार याचा अंदाज येतो. प्रत्येकात तो अट घालणारा शब्द अधोरेखित करा. संगणकावर मजकूर निवडून रंगवता येतो. मग ऑप्शनकडे या आणि तिघांत वेगळं काय आहे तेवढंच बघा. तीनही 'इट वॉज' ने सुरू होत असतील तर तो भाग वाचूच नका. 'अपेक्षेपेक्षा स्वस्त', 'पोचायला सोपं', 'मैत्रिणीने सुचवलं' असे तीन ऑप्शन असतील तर मनात 'पैसे, रस्ता, मैत्रीण' एवढ्या तीन खुणा ठेवा. खुणा मराठीत ठेवल्या तरी चालतील, किंबहुना बऱ्याच जणांना तशा जास्त टिकतात, कारण त्या अर्थाच्या खुणा असतात. 'चीपर' हा शब्द मनात धरून बसलात तर 'इट डिडन्ट कॉस्ट ॲज मच ॲज वी'ड फिअर्ड' हे वाक्य जवळून निघून जाईल. 'पैसे' ही खूण धरली असेल तर तेच वाक्य खुणेला येऊन अडकेल.

ऑडिओ सुरू झाला की डोळे दोन प्रश्नांवर: चालू असलेला आणि त्याच्या पुढचा. प्रश्नांचा क्रम ऑडिओच्या क्रमानेच असतो, हा मोठा आधार आहे. एखाद्या ऑप्शनचा विषय निघाला की त्याच्यासमोर हलकी खूण करा: मोडीत निघाला तर फुली, नुसता आला तर टिंब. टिंब दिलं म्हणजे उत्तर दिलं असं नाही. पहिला ओळखीचा शब्द ऐकताच बरोबरची खूण करण्याचा मोह सगळ्यांना होतो, आणि एकदा खूण केली की मन पुढचं ऐकणं थांबवतं. मागे घेतलेला ऑप्शन नेमका त्याच क्षणी मागे घेतला जातो. म्हणून बोलणारा विषय बदलेपर्यंत थांबा. विषय बदलल्याच्या खुणा ठरलेल्या आहेत: 'नाऊ', 'ॲज फॉर', 'टर्निंग टू', 'सो व्हॉट अबाउट', किंवा तिसऱ्या पार्टमध्ये शिक्षकाने विचारलेला नवा प्रश्न. ती खूण ऐकली की फुल्या न मिळालेल्यांपैकी एक निवडा आणि मोकळे व्हा. पुढच्या प्रश्नातलं मुख्य नाम ऐकू आलं आणि तुम्ही अजून मागच्याच प्रश्नात असाल तर मागचा तिथेच सोडा. एका गुणापायी तीन गुण जातात ते इथेच.

तिसऱ्या पार्टबद्दल वेगळं सांगायला हवं. तिथे दोन किंवा अधिक माणसं अभ्यासाबद्दल बोलतात, आणि प्रश्न बऱ्याचदा 'दोघांचं कशावर एकमत झालं' असा असतो. एकाने छान मुद्दा मांडला म्हणून तो उत्तर होत नाही; दुसऱ्याची प्रतिक्रिया ऐकल्याशिवाय हात हलवायचा नाही. 'येस, बट', 'आय सपोज', 'आय'म नॉट सो शुअर', 'डू यू थिंक सो?' ही सगळी सौम्य भाषेतली असहमती किंवा अर्धी सहमती आहे. 'यू कॅन से दॅट अगेन', 'टेल मी अबाउट इट', 'फेअर पॉइंट' ही सहमती आहे, पण पहिल्या दोन्ही शब्दशः ऐकल्या तर 'पुन्हा सांग', 'मला सांग' अशा वाटतात आणि गोंधळ होतो.

ब्रिटिश बोलण्यातलं कौतुक आणि नापसंतीही अशीच दबकी असते. 'नॉट बॅड ॲट ऑल' ही चांगली पावती. 'इट वॉज क्वाइट इंटरेस्टिंग, आय सपोज' यात उत्साह नाही. हे आपल्याला परकं वाटायचं कारण नाही. 'नाटक बरं होतं' असं कोणी सूर खाली टाकून म्हटलं की नाटक आवडलेलं नाही हे आपल्याला लगेच कळतं. तोच कान इंग्रजीत वापरायचा आहे, फक्त शब्दांच्या मागे धावताना आपण सूर ऐकायचं सोडून देतो.

पाचातून दोन निवडा, हा प्रकार अनेकांना सगळ्यात जड जातो. इथे दोन प्रश्नक्रमांक मिळून एक प्रश्न असतो, प्रत्येक बरोबर उत्तराला एक गुण, आणि दोन अक्षरं कुठल्याही क्रमाने लिहिली तरी चालतं. ऑप्शन मात्र ऑडिओच्या क्रमाने येतीलच असं नाही. बोलणारा आधी डी वर येईल, मग ए वर, मग ई वर. म्हणून वरून खाली वाट बघत बसू नका. पाच खुणा मनात एकत्र ठेवाव्या लागतात, आणि तीन ऑप्शनच्या प्रश्नात खुणा करण्याची सवय असेल तरच ते जमतं. दोन मिळाले म्हणून ऐकणं थांबवू नका; दुसरा मिळालेला पुढच्या वाक्यात मागे घेतला जाऊ शकतो. आणि दोन मागितले असताना तीन लिहू नका, त्यात हमखास नुकसान आहे.

आता सरावाकडे येतो. बहुतेक जण टेस्ट सोडवतात, उत्तरं तपासतात, आकडा लिहून ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी नवी टेस्ट घेतात. त्याने परीक्षेची सवय होते, कान बदलत नाही. आठवड्याला दोनच टेस्ट घ्या, पण प्रत्येकीवर भरपूर वेळ खर्च करा. पहिल्यांदा परीक्षेसारखी, एकदाच ऐकून, न थांबवता. मग उत्तरं न बघता एमसीक्यूचा भाग पुन्हा ऐका आणि बदलावंसं वाटेल ते उत्तर वेगळ्या रंगाने बदला. पहिल्या वेळी चुकलेलं दुसऱ्या वेळी बरोबर आलं तर तुमची अडचण लक्ष आणि वेळेची आहे. दोन्ही वेळा चुकलं तर अडचण त्या वाक्याच्या अर्थाची आहे. ही दोन दुखणी वेगळी आहेत आणि औषधही वेगळं लागतं.

त्यानंतर ट्रान्सक्रिप्ट (ऑडिओचा लिखित मजकूर) उघडा आणि एका वहीत प्रत्येक एमसीक्यूसाठी तीन ओळी लिहा, एका ऑप्शनला एक. प्रत्येक ओळीत ऑडिओतलं ते नेमकं वाक्य आणि त्या ऑप्शनचं काय झालं: 'मागे घेतला', 'गेल्या वर्षीचं', 'दुसऱ्याचं मत', 'खरं, पण कारण नाही', 'बरोबर, वेगळ्या शब्दांत'. बरोबर आलेल्या प्रश्नांसाठीही लिहा, कारण त्यातले काही योगायोगाने आलेले असतात. माझ्याकडे येणारे विद्यार्थी सुरुवातीला या वहीला कंटाळतात, आणि नंतर कान याच वहीने उघडला असंही तेच सांगतात. पाच-सहा टेस्टनंतर वही उघडून बघा. तुमच्या चुका एक-दोन प्रकारांतच गोळा झालेल्या दिसतील. कोणी सतत 'गेल्या वर्षीचं' मध्ये फसतं, कोणी सतत 'दुसऱ्याचं मत' मध्ये. आपला प्रकार कळला की ऑडिओ ऐकताना त्या जागी आपण आपोआप सावध होतो.

दोन्ही वेळा चुकलेली वाक्यं वेगळी काढा. तेवढाच तुकडा पुन्हा पुन्हा ऐका, ऐकून लिहा, मग त्याच सुरात मोठ्याने म्हणा. वेग कमी करून ऐकू नका. वेग कमी केला की 'डिडन्ट' आणि 'वुड हॅव' यांचे दबके उच्चार ताणले जातात, आणि परीक्षेत ते तसे येत नाहीत. मूळ वेगातला दहा सेकंदांचा तुकडा वीस वेळा ऐकणं जास्त उपयोगी.

याहून एक चांगला सराव आहे, जो फार कमी लोक करतात: प्रश्न स्वतः काढा. दोन-तीन मिनिटांची मुलाखत घ्या आणि त्यावर एक प्रश्न आणि तीन ऑप्शन लिहा. अट अशी की तीनही ऑप्शनचा उल्लेख मुलाखतीत असला पाहिजे, आणि बरोबर ऑप्शनमध्ये मुलाखतीतला एकही महत्त्वाचा शब्द नसला पाहिजे. परीक्षा देणारी मैत्रीण असेल तर एकमेकींना ते सोडवायला द्या. चुकीचा पण पटण्यासारखा ऑप्शन लिहायला बसलात की प्रश्न काढणारा माणूस कुठे जाळं टाकतो ते दिसायला लागतं. त्यासाठी बातम्यांपेक्षा मुलाखती आणि गप्पा निवडा. बातमीत माणूस आपलं म्हणणं क्वचितच मागे घेतो. गप्पांत 'ॲक्चुअली, नो' सारखं येत राहतं. बीबीसीच्या 'सिक्स मिनिट इंग्लिश'चा ट्रान्सक्रिप्ट मिळतो, सुरुवात त्याने करा. पुढे बीबीसी रेडिओ फोर आणि ऑस्ट्रेलियाचा एबीसी रेडिओ, कारण आयईएलटीएसमध्ये ब्रिटिशांखेरीज ऑस्ट्रेलियन, न्यूझीलंडचे आणि उत्तर अमेरिकेचे उच्चारही येतात. टेस्ट मात्र परीक्षा घेणाऱ्या संस्थांनी काढलेल्याच घ्या. ब्रिटिश कौन्सिल आणि आयडीपी या संस्थांच्या संकेतस्थळांवर नमुने फुकट आहेत. इंटरनेटवर फिरणाऱ्या अनेक बनावट टेस्टमध्ये चुकीच्या ऑप्शनचा ऑडिओत पत्ताच नसतो. त्यांवर आकडा छान येतो आणि खऱ्या परीक्षेत घसरतो.

काही युक्त्या सर्रास सांगितल्या जातात. 'सगळ्यात लांब ऑप्शन बरोबर', 'शंका आली की बी'. यांना काही आधार नाही. 'जो शब्द जसाच्या तसा ऐकू आला तो ऑप्शन चुकीचा' ही त्यातल्या त्यात बरी, पण नियम म्हणून वापरू नका. बरोबर ऑप्शनमधला एखादा शब्द ऑडिओत जसाच्या तसा येतो असे प्रश्नही असतात, आणि ही युक्ती पाळणारे तिथे हातातलं उत्तर सोडतात.

अंदाजाचं विचारलंत, तर आयईएलटीएसमध्ये चुकीच्या उत्तराचे गुण कापत नाहीत. एकही जागा कोरी सोडू नका. एका ऑप्शनवर फुली पडली असेल तर तुमचा अंदाज दोनातला एक असतो, दोनांवर पडली तर तो अंदाज राहतच नाही. म्हणून फुल्या मारण्याची सवय अंदाजालाही उपयोगी पडते. पीटीई ही इंग्रजीची दुसरी परीक्षा देणाऱ्या वाचकांनी मात्र हे जसंच्या तसं उचलू नये. तिथे एकाहून जास्त उत्तरं निवडायच्या एमसीक्यूमध्ये चुकीच्या निवडीचा गुण वजा होतो (त्या प्रश्नाचे एकूण गुण शून्याखाली जात नाहीत), त्यामुळे खात्री नसलेला ऑप्शन सोडून देणं तिथे शहाणपणाचं.

राहिला ओईटीचा प्रश्न. नर्सिंग अँड मिडवाइफरी कौन्सिल ती स्वीकारते. लिसनिंगमध्ये बी ग्रेड लागते. सगळे संवाद रुग्ण, वॉर्ड, औषधं यांभोवतीचे असल्याने तुम्हाला विषय ओळखीचा वाटेल, आणि त्या कारणाने ती निवडलीत तर ते योग्यच आहे. पण एमसीक्यू टाळायचे म्हणून तिकडे वळू नका. ओईटीच्या लिसनिंगमध्ये ४२ प्रश्न असतात. त्यातले पार्ट ए चे २४ टिपणातल्या गाळलेल्या जागांचे, आणि पार्ट बी आणि सी चे उरलेले १८ सगळे तीन ऑप्शनचे एमसीक्यू, तेही एकदाच ऐकून. पार्ट बी मध्ये हँडओव्हरसारखे (पाळी बदलताना रुग्णाची माहिती सांगण्यासारखे) छोटे छोटे सहा तुकडे येतात, एका तुकड्यावर एक प्रश्न. ओईटीचा नमुना संच एकदा घरी सोडवून बघा, वर सांगितलेली तीन ओळींची वही त्यासाठीही लिहा, आणि दोन्ही परीक्षांच्या वह्या शेजारी ठेवून जिथे फुल्या नीट पडताहेत ती परीक्षा निवडा.